जिन्याखालचं दार

"आता बाहेरून दार लावा," असं म्हणून ती बाई गुडघ्यांवर खाली बसली आणि जिन्याखालच्या क्लोझेटमध्ये शिरली. आधी डोकं, मग गळ्यात लोंबणारं ओळखपत्र, मग राखाडी पँट, आणि सगळ्यात शेवटी पायमोज्यांचे तळवे आत गेले. एका तळव्यावर लवकरच भोक पडेल अशी विरळ जागा होती. शोभना दाराची मूठ धरून उभी राहिली. चौपन्न वर्षांच्या आयुष्यात तिनं कुठल्याही सरकारी माणसाला कुठंही कोंडलं नव्हतं. तिनं दार लावलं. कडीची जीभ टक करून खाचेत बसली, आणि हा आवाज आपण रोज ऐकत आलो आहोत हे तिला पहिल्यांदाच जाणवलं. आतून काहीच ऐकू येईना. मागे गालिच्यावर मुलं ठोकळे रचत होती, मनोरा पडला की हसत होती आणि परत रचत होती. आता किती वेळ थांबायचं असतं? अनीश आत असला की ती किती वेळ थांबायची? कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. घड्याळ तिनं कधी पाहिलं नव्हतं. आज मात्र तिची नजर मायक्रोवेव्हच्या हिरव्या आकड्यांकडे गेली. अकरा बावन्न. मुलांच्या वरणभाताची वेळ होत आली होती.

बाई साडेदहाला आली होती. फ्रीमाँटच्या त्या टाउनहाउसमध्ये शोभना नऊ वर्षं पाळणाघर चालवत होती आणि पाळणाघरांच्या लायसन्सिंग खात्याचं कुणी ना कुणी अधूनमधून न कळवता तपासायला यायचंच. आधी एक वयस्कर गृहस्थ यायचे. ते नळाच्या पाण्यात थर्मामीटर धरायचे, आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख वाचायचे, फ्रिजमधल्या दुधाच्या बाटल्यांवर मुलांची नावं चिकटवली आहेत का बघायचे आणि जाताना 'घर छान ठेवलंय' म्हणायचे. ही नवी होती. तिशीची, बारीक, केस घट्ट बांधलेले. नाव मिस पलासिओस. खांद्यावरच्या बॅगेत लॅपटॉप आणि पावाच्या लादीएवढा प्रिंटर. तिनं कुणी सांगायच्या आधीच उंबऱ्याशी बूट काढले, आणि मग सांगितलं की ही नेहमीची तपासणी नाही. तक्रार आली आहे. या घरात एका मुलाला बंद जागेत ठेवलं जातं, अशी. कुणी केली ते सांगता येणार नाही.

तिनं इंग्रजीत वापरलेला शब्द शोभनानं मनातल्या मनात मराठीत आणून पाहिला. डांबणं. कोंडणं. ठेवणं. तिन्ही शब्दांत बाहेरचं माणूस वेगळं होतं, आतलं मूल तिन्हींत तेच. तिला राग यायला हवा होता, निदान भीती तरी वाटायला हवी होती, कारण असल्या तक्रारीवर लायसन्स जाऊ शकतं, आणि लायसन्स गेलं की या घरात सकाळी सव्वाआठनंतर काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. पण दोन्हींच्या आधी आलं ते कुतूहल. कुणी पाहिलं? घरात तर कुणी मोठं माणूस नसतं. नवरा, संजय, सकाळी सातला सॅन होजेच्या ऑफिसला जातो. म्हणजे मुलांपैकी कुणीतरी घरी जाऊन सांगितलं असणार. कसं सांगितलं असेल? कुठल्या शब्दांत? 'काकू त्याला आत ठेवते' म्हणून, की 'तो आत जातो' म्हणून? चार वर्षांच्या मुलाला या दोन वाक्यांतला फरक कळतो का? आपल्याला तरी कळतो का?

"एक मुलगा जातो आत," ती म्हणाली. "अनीश. त्याला गोंगाट सहन होत नाही. तिथं उशी ठेवली आहे मी."

"आणि दार?"

"दार मी लावते. तो मला हाताला धरून नेतो आणि मुठीवर माझा हात ठेवतो."

"तसं सांगतो तो तुम्हाला?"

"तो बोलत नाही. घरी बोलतो म्हणे, खूप. इथं आठ महिन्यांत एक शब्द बोललेला नाही."

मिस पलासिओसनं ते टाइप केलं. मान वर न करता तिनं पुढचा प्रश्न विचारला, अगदी साध्या आवाजात, पाण्याचं तापमान विचारावं तसा. "पहिल्यांदा दार कुणी लावलं?"

शोभना आठवू लागली. सप्टेंबरची गोष्ट. अनीशला येऊन तीनच आठवडे झाले होते. धुराच्या अलार्मची बॅटरी संपत आली होती आणि तो दर मिनिटाला किंचाळल्यासारखा वाजत होता. जुळ्या बहिणी रडायला लागल्या होत्या, दोन वर्षांचा शिव त्यांना पाहून रडत होता, आणि ती खुर्चीवर चढून अलार्म काढायच्या खटपटीत होती. खाली उतरली तेव्हा अनीश दिसेना. मग जिन्याखाली त्याचे निळे मोजे दिसले. तो कानांवर हात घट्ट दाबून व्हॅक्युम क्लीनरशेजारी उकिडवा बसला होता. ती वाकली. इथपर्यंत सगळं स्वच्छ होतं. त्यानंतरचं चित्र होतं ते दार लागलेलं, आणि ती बाहेर उभी. मधलं नव्हतं. त्यानं आतून ओढलं? की तिनं, त्याला आवाज कमी यावा म्हणून, ढकललं? तिचा हात मुठीवर होता एवढं आठवत होतं. पण तो दार लावायच्या आधीचा हात की नंतरचा?

"मला आठवत नाही," ती म्हणाली. मिस पलासिओसनं तेही टाइप केलं.

मग मिस पलासिओसला मुलांशी बोलायचं होतं. एकेकट्याशी, आणि शोभनाला ऐकू जाणार नाही असं. नियमच तसा होता. मुलं नंतर बाहेर आली की त्यांना काही विचारायचं नाही हाही नियम. तेव्हा ती बाकीच्यांना घेऊन मागच्या अंगणात गेली, सरकतं काचेचं दार ओढून घेतलं, आणि शिवला झोपाळ्यावर झोके देत देत काचेतून आत बघत राहिली. आपल्याच घराकडे असं बाहेरून तिनं कधी पाहिलं नव्हतं. घर तिला फार रंगीत वाटलं, आणि जरा बुटकं. आधी आन्या आत गेली. चार वर्षांची, दोन्ही हातांनी बोलणारी. ती दहा मिनिटं बोलली, मध्येच उठून उभी राहिली, जिन्याकडे बोट दाखवलं, परत बसली. बाहेर आल्यावर मोठ्या ऐटीत म्हणाली, "आय टोल्ड हर एव्हरीथिंग, काकू." शोभनाच्या ओठांवर 'काय काय गं?' आलं आणि तिनं ते गिळलं. सगळं म्हणजे काय सगळं? ती घास भरवताना कंटाळून पुटपुटते ते? दुपारी मुलं झोपल्यावर सोफ्यावर पाय वर घेऊन डोळे मिटून बसते ते? एकदा शिवच्या हातातून कात्री जोरात ओढून घेतली होती ते? या मुलीच्या डोक्यात आपण एक आख्खी बाई असणार, आणि ती बाई आता त्या लॅपटॉपमध्ये गेली.

अनीशला तिनं स्वतः काचेच्या दारापर्यंत नेलं. तो बोलणार नाही हे तिनं पुन्हा सांगितलं. "बरं," मिस पलासिओस म्हणाली. ती खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसली, त्याच्याकडे न बघता, थोडी बाजूला तोंड करून, आणि खडूंचा डबा मधोमध सरकवला. शोभना मनात म्हणत होती, नाहीच बोलणार. त्यात थोडी काळजी होती आणि, आता तिनं प्रामाणिकपणे पाहिलं तर, थोडा अभिमानही होता. तो जर माझ्याशी बोलत नाही तर तुझ्याशी काय बोलेल. अनीशनं एक खडू उचलला, परत ठेवला. आणि मग त्याचे ओठ हलले.

झोपाळ्याची साखळी तिच्या हातात तशीच राहिली. शिव "मोअर, मोअर" म्हणत होता. आत अनीश बोलत होता. घाईनं नाही, थांबून थांबून, एकेक शब्द शोधून काढल्यासारखा. एकदा त्यानं तळहात आडवा करून जमिनीच्या जरा वर धरला. इतकं, असं काहीतरी. काय इतकं? तिला त्याचा आवाज ठाऊक नव्हता. तो बारीक असेल असं तिनं आपलं धरून चाललं होतं, कारण त्याची मान बारीक होती. आठ महिने ज्या मुलाची नखं कापली, नाक पुसलं, ज्याच्या झोपेतल्या श्वासावरून ताप येणार हे ओळखलं, त्याचा आवाज एका परक्या बाईला आता ठाऊक होता. तिला वाईट वाटलं का? तिनं शोधून पाहिलं. वाईटाच्या जवळपासचं काहीतरी होतं, पण त्याहून जास्त होती ती एक प्रकारची भूक. तो काय सांगतोय?

शोभना चार वर्षांची होती तेव्हा तिला कुणी काही विचारलं नव्हतं. अकोल्याला आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, वडील बदलीवर दुसऱ्या गावी, आणि दिवसभर शोभना शेजारच्या गिरिजामावशींकडे असायची. गिरिजामावशी पापड लाटून विकायच्या. घरात पेटती चूल, परसात बिनकठड्याची विहीर आणि मदतीला कुणी नाही. तेव्हा त्या शोभनाला उचलून धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर बसवायच्या आणि कामाला लागायच्या. "हालू नको, पडशील." कोठी मावशींच्या छातीइतकी उंच. तिथून आपलं आपण उतरणं शक्यच नव्हतं. पत्रा मांड्यांना आधी गार लागायचा, मग हळूहळू अंगासारखाच कोमट व्हायचा. जरा सरकलं की खालून डबक असा आवाज यायचा. वरून मावशींचा भांग दिसायचा, सुपांवर वाळणाऱ्या पापडांच्या रांगा दिसायच्या, झरोक्यातला उन्हाचा पट्टा पोळपाटावरून जमिनीवर आणि जमिनीवरून भिंतीवर चढताना दिसायचा. एकदा तिला लघवीला लागली होती आणि ती बोलली नाही. धार पत्र्यावरून खाली गेली. मावशींनी चकार शब्द न काढता पत्रा पुसला, तिची चड्डी बदलली आणि तिला परत वर बसवलं. संध्याकाळी आई न्यायला आली की प्रश्न ठरलेला असायचा. "त्रास नाही ना दिलास मावशीला?" शोभना मान हलवायची. मावशी म्हणायच्या, "अजिबात नाही. गुणाची आहे पोर." झालं. दिवस मिटला.

समजा तेव्हा एखादी मिस पलासिओस मावशींच्या ओट्यावर आली असती, चपला काढून जमिनीवर बसली असती आणि तोंड बाजूला वळवून गप्प राहिली असती, तर आपण काय सांगितलं असतं? 'मावशी मला कोठीवर ठेवते.' खरं. 'मला उतरता येत नाही.' तेही खरं. 'मला तिथून सगळं दिसतं.' हेही खरंच, पण हे तिसरं वाक्य आपल्याला तेव्हा सुचलं असतं का, की ते नंतर, मोठेपणी, मावशींवर राग धरायला नको म्हणून तयार केलं? तिला एक आठवण होती. सकाळी मावशींच्या दारात ती दोन्ही हात वर करून उभी आहे. घे मला, वर बसव. ही आठवण फार मोलाची होती, कारण ती खरी असेल तर सगळंच ठीक होतं. पण गेल्या नऊ वर्षांत इतकी मुलं तिच्यापुढे दोन्ही हात वर करून उभी राहिली होती, की ते हात तिचे होते की त्यांच्यापैकी कुणाचे, हे आता सांगता येत नव्हतं. आणि अनीशचा हात? त्यानं तिचा हात मुठीवर ठेवला, रोज ठेवला, हे नक्की. पण एकदा कोठीवर बसवलेली मुलगी दुसऱ्या दिवशी आपणहून हात वर करतेच. दुसरं काही असतं हे तिला ठाऊक कुठं असतं?

अकरा पंचावन्नला आतून दारावर दोनदा टकटक झाली. शोभनानं दार उघडलं. मिस पलासिओस गुडघे झटकत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काही दिसेना. झोपेतून उठलेल्या माणसाचा असतो तसा तो थोडा सैल झाला होता, इतकंच.

"तुम्ही कधी आत बसला आहात?" तिनं विचारलं.

"मी? नाही."

"कधीच नाही?"

"नाही," शोभना म्हणाली, आणि याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

रिपोर्ट जेवणाच्या टेबलावर छापला गेला. छोटा प्रिंटर करकरत एकेक पान बाहेर टाकत होता आणि मुलं घास तोंडात धरून त्याच्याकडे बघत होती. शिक्षा म्हणून मुलाला कोंडलं जातं, ही तक्रार सिद्ध होत नाही, असं त्यात होतं. मात्र मूल बंद दाराआड, सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या नजरेबाहेर असतं, हा नियमभंग आहे. दहा दिवसांत दार काढून टाकावं. रिपोर्ट पालकांना दिसेल असा लावावा. पुन्हा असं आढळल्यास लायसन्सबद्दल विचार करावा लागेल. शोभनानं सही केली. सहीची वेलांटी जरा जास्त मोठी आली. उंबऱ्याशी बूट घालताना, नाडी बांधता बांधता, मिस पलासिओस म्हणाली, "तो माझ्याशी बोलला. तुम्ही काचेतून पाहिलंत, म्हणून सांगते. काय बोलला ते मला सांगता येणार नाही."

"नका सांगू," शोभना म्हणाली. "पण त्याचा आवाज कसा आहे?"

मिस पलासिओसचा हात नाडीवर थांबला. यावर नियम आहे का याचा ती विचार करत असावी. "तुम्हाला कळेल," ती म्हणाली आणि गाडीकडे गेली.

त्या संध्याकाळी पालक येत गेले तसतसा शोभनानं प्रत्येकाला दारावर लावलेला रिपोर्ट दाखवला. आन्याच्या बाबांनी उभ्याउभ्या वाचला आणि "दे आर सो स्ट्रिक्ट, यार" म्हणून खांदे उडवले. जुळ्यांच्या आईनं फोटो काढून घेतला. शोभना प्रत्येकाचे डोळे पाहत होती आणि प्रत्येक वेळी तिला वाटत होतं, ही नाही, हा नाही. अनीशची आई कादंबरी सगळ्यांत शेवटी आली. नागपूरची, तिशी नुकती ओलांडलेली, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम. नवरा महिन्यातले दोन आठवडे टेक्ससमधल्या प्रोजेक्टवर. तिनं रिपोर्टकडे पाहिलंच नाही. अनीशला गाडीत सीटला बांधून ती परत दारात आली.

"काकू, कॉल मी केला होता."

शोभनाला धक्का बसला नाही. तिला फक्त पुढचं ऐकायचं होतं. "बोल," ती म्हणाली.

"तो घरी क्लोझेटमध्ये जाऊन बसतो. कपड्यांच्या खाली. आतून दार ओढून घेतो. मी घाबरले. विचारलं, हे तुला कुणी शिकवलं, तर काही बोलेना. मग विचारलं, काकूंकडे पण बसतोस का, तर हो म्हणाला. दार कोण लावतं विचारलं, तर म्हणाला, काकू."

"खरं सांगितलं त्यानं."

कादंबरीनं मान वर केली. ती नकार ऐकायच्या तयारीनं आली होती. आता त्या तयारीचं काय करायचं ते तिला कळेना.

"तो मला ओढत नेतो आणि दार लावायला लावतो," शोभना म्हणाली. "निदान मला तसं वाटतं. शपथेवर सांगता येणार नाही."

"मला का नाही सांगितलंत? आठ महिने, काकू."

हे बरोबर होतं. तो जेवला किती, झोपला किती, शी झाली की नाही, सगळं ती रोज कादंबरीला फोनवर लिहून पाठवायची. हे एवढं कधी लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर ते वाईट दिसलं असतं म्हणून? की ते तिचं आणि त्याचं दोघांचंच होतं, आणि न बोलणाऱ्या मुलानं आपल्याला दिलेली ती एकच गोष्ट कुणाला द्यावीशी वाटली नाही म्हणून? दुसरं कारण जास्त खरं होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पण तू मला का नाही विचारलंस?"

कादंबरीनं गाडीकडे पाहिलं. मागच्या काचेत अनीशच्या डोक्याचा वरचा भाग दिसत होता. "तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मी विश्वास ठेवला असता," ती म्हणाली. "म्हणून."

शोभनाच्या मनात ते वाक्य पुढं कितीतरी दिवस राहिलं. तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "आत बसून काय करतो गं तो? घरी?"

"माहीत नाही. मी कधी उघडून बघितलं नाही. भीती वाटते उघडायची." मग तिनं विचारलं, "सोमवारी आणू का त्याला?"

"दार काढलेलं असेल तोवर."

"ते नाही विचारत मी."

"आण," शोभना म्हणाली.

शनिवारी सकाळी संजय गॅरेजमधून स्क्रू ड्रायव्हर आणायला गेला तेव्हा तिनं व्हॅक्युम क्लीनर बाहेर काढला, आत शिरली आणि दार ओढून घेतलं. आदल्या संध्याकाळपासून तो तिच्याशी वाद घालत होता. 'मुलानंच लावलं' असं सरळ का नाही सांगितलंस, हा त्याचा मुद्दा. "मला आठवत नाही तर कसं सांगू?" "मला तर वाटतं त्यानंच लावलं असणार." "तुम्ही कुठं होता तिथं?" "तू होतीस, पण तुला तरी कुठं आठवतंय," असं तो म्हणाला होता, आणि दोघंही हसले होते, पण तिचं हसू लवकर संपलं. आता ती गुडघे पोटाशी घेऊन उशीवर बसली. डोक्यावर जिन्याच्या पायऱ्यांची उलटी बाजू होती, कच्च्या लाकडाची, वास येणारी. अंधार तिला वाटला होता तितका नव्हता. भिंतीतल्या नळातून पाणी सरकत गेलं. स्वयंपाकघरातला फ्रिज दूरच्या मोटारीसारखा घरघरत होता. स्वतःचा श्वास मोठा ऐकू यायला लागला आणि मग तो ऐकू येणं थांबलं. आणि दाराखाली एक फट होती. तळहात आडवा धरला तर आत जाईल एवढी, उजेडानं भरलेली. तिच्यातून गालिच्याची कड दिसत होती, खुर्चीचा एक पाय दिसत होता, आणि आता संजयचे पाय आले.

ते फटीपुढे थांबले. "शोभना?" तो म्हणाला. ती बोलली नाही. तो काय करतो हे तिला पाहायचं होतं. तीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचे पाय असे, बाकीच्या नवऱ्याशिवाय, पाहिले नव्हते. डाव्या अंगठ्याचं नख पिवळं पडलं होतं. त्यानं एका पायानं दुसऱ्या पायाचा घोटा खाजवला. जरासा मागे गेला, परत पुढे आला. त्याला ती आत असल्याचं कळलं होतं, आणि दार उघडावं की नाही हे ठरत नव्हतं. तो तसाच उभा राहिला. ते उभं राहणं तिला इतकं भरवशाचं वाटलं की तिला उठवेना. म्हणजे आत बसलेल्याला बाहेरचं माणूस दिसतं. अनीश आत असताना ती कधी तिथून हलली नव्हती. जिवाला घोर असायचा म्हणून मूठ धरून किंवा भिंतीला टेकून तिथंच उभी राहायची. बंद दाराआड, नजरेबाहेर, असं रिपोर्टात होतं. ती त्याला पाहू शकत नव्हती, हे बरोबर. त्याला मात्र ती पूर्ण वेळ दिसत होती. निदान घोट्यापर्यंत.

"झालं का?" संजयनं बाहेरून हळूच विचारलं. "काढायचंय ना दार?"

ती बाहेर आली. "काय दिसलं?" तो म्हणाला.

"तुमचे पाय."

त्यानं खाली पाहिलं. मग बिजागऱ्यांचे स्क्रू काढायला बसला. जुना रंग स्क्रूंवर बसला होता, बराच वेळ लागला. दार दोघांनी मिळून गॅरेजमध्ये नेऊन भिंतीला टेकवून ठेवलं. फेकून दे असं दोघांपैकी कुणी म्हणालं नाही.

सोमवारी कादंबरी अनीशला सव्वाआठला सोडून गेली. जाताना ती दोनदा वळली. अनीशनं बूट काढून रॅकवर ठेवले आणि सरळ जिन्याकडे गेला. चौकटीपुढे उभा राहिला. जिथं बिजागरी होती तिथल्या भोकात त्यानं करंगळी घातली, काढली, दुसऱ्या भोकात घातली. मग जाऊन ठोकळे खेळू लागला. शोभना भाजी चिरताना, शिवचा डायपर बदलताना, त्याच्याकडे बघत राहिली. अकराच्या सुमाराला जुळ्यांचं एका डब्यावरून भांडण झालं, एकीनं तो टेबलावर आपटायला सुरुवात केली, दुसरी किंचाळली. अनीशचे हात कानांवर गेले. तो उठला, तिच्याकडे आला आणि त्यानं तिची दोन बोटं धरली, नेहमीसारखीच. बोटं धरायला त्याला कानावरचा एक हात काढावा लागला होता. तो तिला जिन्यापाशी घेऊन गेला आणि मुठीच्या जागेकडे पाहिलं. तिथं हवा होती.

"दार नाही रे आता," ती म्हणाली. "काढलं. बघ, इथं स्क्रू होते."

त्यानं बोटं सोडली नाहीत. तो ती खाली ओढू लागला. तिला आधी कळेना. मग ती गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू खाली बसली, चौकटीतच, खोलीकडे तोंड करून. जुळ्या, शिव, आन्या, सगळी समोर दिसत होती. अनीश तिच्या मांडीवरून पाय टाकून आत गेला. मागे उशी दबल्याचा आवाज आला.

"मूव्ह बॅक," तिच्या पाठीमागून कुणीतरी म्हणालं.

आवाज जाड होता, सर्दी झाल्यासारखा. बारीक मानेतून येईल असा मुळीच नाही. ती थोडी मागे सरकली.

"मोअर."

ती आणखी सरकली. तिचे दोन्ही खांदे चौकटीला लागले. मणक्याला त्याचे गुडघे टेकले.

"ओके," तो म्हणाला.

समोर जुळ्यांचं भांडण आपोआप मिटत होतं. नियमाप्रमाणे पाचही मुलं तिला दिसायला हवी होती, आणि तिला चारच दिसत होती. या क्षणी बेल वाजली असती तर मिस पलासिओसला काय सांगितलं असतं, हे तिनं जुळवून पाहिलं आणि ते जुळलं नाही. मान वळवली असती तर तो दिसला असता. तो तिथं काय करतो हे आठ महिन्यांनी कळलं असतं. तिच्या पाठीवर दोन लहान तळवे आले, सपाट, आणि त्यांनी एकदाच दाबून पाहिलं. ती हलली नाही. तळवे निघून गेले आणि मागून अगदी हळू, तिच्यासाठी नसलेलं, काहीतरी बोलणं सुरू झालं. शब्द कळत नव्हते. मराठी की इंग्रजी तेही कळत नव्हतं.

आन्या हातात ठोकळा घेऊन समोर येऊन उभी राहिली. "काकू, व्हॉट आर यू डूइंग?"

"बसलेय."

"इज अनीश इन देअर?" ती तिच्या खांद्यावरून आत बघायला वाकली, टाचा उंच करून. आणि शोभनानं, आपण काय करतो आहोत हे नीट कळून, आपला खांदा तिच्या नजरेच्या आड येईल इतका वर केला.